गाडी टायर का खाते?

जुनी चप्पल उलटी करून पाहिली, की तिचा धनी पाऊल कसे टाकतो ते कळते. टायर ही मोटारीची पादत्राणेच. शाळेची मुले, दूध, भाजी वाहणारी जुनी मारुती ओम्नी व्हॅन आपण पाहिली असेल. १९८४ साली ती रस्त्यावर आली, २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. पण गाड्या अजून धावताहेत. अशा गाडीच्या पुढच्या टायरची एक कड तुळतुळीत आणि बाकीची नक्षी शाबूत दिसली, म्हणजे ‘गाडी टायर खाते’ असे म्हणून आपण नवा टायर घालतो. थोड्याच महिन्यांत तोही तसाच! दोष बहुधा टायरचा नसतो, चाकांच्या रोखाचा असतो.

वरून पाहिले तर पुढची दोन चाके जवळजवळ समांतर हवीत. ‘जवळजवळ’ अशासाठी, की ओम्नीला मागची चाके ढकलतात. पुढची चाके रस्त्याच्या विरोधाने किंचित फाकू पाहतात. म्हणून अशा गाड्यांत ती उभ्या गाडीवर पुढच्या अंगाला एकमेकांच्या थोडी जवळ ठेवतात. यालाच ‘टो-इन’ म्हणतात. किती, ते दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेले असते. काम दोनचार मिलिमीटरचेच.

एवढ्याशा फरकाने काय होते? शिक्षकमंडळींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. टायरचा व्यास सुमारे ५४० मिलिमीटर. एक चाक त्या लांबीत ३ मिलिमीटर तिरके, म्हणजे १८० ला १. गाडी एक किलोमीटर सरळ गेली, की ते चाक सुमारे साडेपाच मीटर आडवे घासलेले असते. रोज वीस किलोमीटर धरा आणि पुढचा हिशेब मुलांना करू द्या.

चाके फार आत वळलेली असली तर बाहेरची कड झिजते. बाहेर फाकलेली असली तर आतली. झीज नुकतीच सुरू झाली असेल, तर नक्षीवरून आडवा हात फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, की समजावे.

मोजायला ओळंबा, खडू आणि मोजपट्टी पुरते. सपाट जागा घ्या, दोन्ही टायरांत हवा सारखी भरा, स्टिअरिंग सरळ ठेवा. प्रत्येक पुढच्या टायरच्या मध्यावर, पुढच्या अंगाला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खडूची खूण करा. तेथून ओळंबा सोडून जमिनीवर खूण घ्या. गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, म्हणजे त्याच खुणा मागे येतील. पुन्हा ओळंबा सोडा. मागचे अंतर वजा पुढचे अंतर, हाच टो-इन. तीच खूण दोन्ही वेळा वापरल्यामुळे रिंग थोडी वाकडी असली तरी हिशेब चुकत नाही. गाडी मागे मात्र ढकलू नका. सांध्यांतली ढिलाई उलट्या बाजूला जाते.

पाना हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट, आणि ही मी जरा आग्रहाने सांगतो. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचे चाक जॅकवर उचला, आणि डावीउजवीकडे धरून हलवा. खडखडले तर टाय रॉडचा सांधा बहुधा झिजला आहे. वरखाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट पाहावा. झिजलेला सांधा तसाच ठेवून रोख जुळवला, तर आठ दिवसांत तो पुन्हा बिघडेल. ते नुकसान पैशाचे. पण बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे होते, आणि मागे मुले बसलेली असतात.

सांधे ठीक असले, की टाय रॉडची चेकनट सैल करून रॉड थोडा फिरवायचा. दोन्ही बाजूंना सारखाच, नाहीतर चाके सरळ आणि स्टिअरिंग वाकडे असा प्रकार होतो. पाव फेरा देऊन गाडी थोडी पुढे ढकला, पुन्हा मोजा. जमले की चेकनट घट्ट आवळा. चाकाचा उभा कल, म्हणजे कँबर, ओम्नीत असा फिरवून जुळवता येत नाही. एकच चाक एका कडेला झिजत असेल तर काहीतरी वाकले आहे, आणि ते टाय रॉडने झाकू नये.

शहरात हे काम यंत्रावर होते. तेथे गेलात, तर जुळवण्यापूर्वीचा आणि नंतरचा आकडा छापून मागा, आणि सांधे हलवून पाहिले का, हेही विचारा.