उसन्या मजकुराचा ऋणनिर्देश

२ ऑगस्ट हा मुक्तिदिन जवळ आला, की दादरा व नगर हवेलीतील शाळाशाळांतून निबंध-भाषणांची तयारी सुरू होते. विद्यार्थी आता मजकूर घेतो तो बहुधा आंतरजालावरून. त्याच्या या घेण्याला माझा आक्षेप नाही. ज्ञान हे घेऊनच वाढते. आक्षेप आहे तो घेतलेल्या मजकुराचा धनी कोण, हे न सांगण्याला.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. जुलै १९५४ मध्ये दादरा मुक्त केले ते फ्रान्सिस मस्करेन्हस व वामन देसाई यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या कार्यकर्त्यांनी. पुढे नरोली व सिल्व्हासा येथील लढ्यात आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांचे स्वयंसेवक होते; सुधीर फडके यांचाही या मोहिमेत सहभाग होता. प्रत्येक गटाच्या कथनात स्वतःच्या वाट्याचा भाग ठळक असावा, हे स्वाभाविकच आहे. कथन कोणाचे, हे ठाऊक असले म्हणजे भर कोठे पडला आहे ते वाचकाला ओळखता येते. नाव गळले, की तेच कथन निःपक्ष इतिहासाचा वेष घेऊन वर्गात उभे राहते, आणि मुले ते पाठ करतात.

आधार सांगण्याची ही रीत आपण पाश्चात्त्यांकडून शिकलो, असा समज पुष्कळांचा दिसतो. तो खरा नाही. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ रचला, तेव्हा ही चरित्रे आपण स्वमतीने रचलेली नसून उत्तरेकडील नाभाजी आणि माणदेशीचे उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांच्या आधारे सांगत आहोत, असे त्यांनी श्रोत्यांना स्पष्ट बजावले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती तीत शिरलेले अपपाठ दूर करून. आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. दुसऱ्याचे ते दुसऱ्याचेच राहावे, ही जाण दोघांच्याही ठिकाणी दिसते.

कायद्यापुरते थोडक्यात सांगतो. १९५७ च्या स्वामित्व कायद्याचे ५७ वे कलम लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते, आणि स्वामित्व विकल्यावरही तो हक्क त्याच्यापाशीच राहतो. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने उतारा उतरून घेण्यास कायद्याची मोकळीक आहे. परंतु तोच उतारा शाळेच्या स्मरणिकेत छापणे ही निराळी गोष्ट होय. तेथे नुसते ‘साभार’ लिहून भागत नाही, अनुमती लागते. मराठी विकिपीडियावरील मजकूर अनुमतीवाचून घेता येतो. मात्र श्रेय द्यावे, आपण केलेले फेरफार सांगावेत आणि तयार झालेले लेखन त्याच परवान्याखाली खुले ठेवावे, अशा त्याच्या अटी आहेत.

आता निर्देश कसा करावा? ‘इंटरनेटवरून’ किंवा ‘गूगलवरून’ असे लिहिणे म्हणजे ग्रंथाचे नाव विचारले असता ‘कपाटातून’ असे उत्तर देणे होय. लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, संकेतस्थळ आणि तो मजकूर पाहिल्याचा दिनांक एवढे द्यावे. दिनांक अशासाठी, की छापील पान बदलत नाही, हे पान बदलते. लेखकाचे नाव नसेल तर प्रकाशक संस्थेचे द्यावे. शब्द आपले आणि विचार मात्र दुसऱ्याचा असेल, तरीही निर्देश हवाच. ही गोष्ट शिक्षकांनाही पुनःपुन्हा सांगावी लागते! आणि कुसुमाग्रजांच्या वा पु. ल. देशपांडे यांच्या नावावर भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या ओळी छापील पुस्तकात आढळल्यावाचून त्यांच्या म्हणून फळ्यावर लिहू नयेत. खोटे श्रेय देणे हाही त्या लेखकावर अन्यायच.

चित्रांच्या बाबतीत तर आपण फारच बेफिकीर आहोत. आपल्याच परिसरातील वारली चित्रे निमंत्रणपत्रिकांवर सर्रास उतरविली जातात. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनी त्याखाली आपले नाव घालीत नसत. परंतु कागदावर व कापडावर चित्रे काढणाऱ्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्येच पद्मश्री मिळाली, आणि २०१४ मध्ये वारली चित्रकलेची भौगोलिक निर्देशनाखाली नोंद झाली. चित्रकार ठाऊक असेल तर त्याचे नाव, नसेल तर निदान ‘वारली चित्र’ हे दोन शब्द पत्रिकेच्या कोपऱ्यात सहज मावतात.