कैद्यांनीं उभारलेलें प्रार्थनामंदिर

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी द्वीपसमूहांत लॅम्ब होम नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. तेथील लहानसें कॅथॉलिक प्रार्थनामंदिर पाहावयास दूरदूरचे लोक जातात. त्याचा वृत्तांत आम्ही वाचकांस थोडक्यांत सादर करीत आहोंत.

१४ ऑक्टोबर १९३९ रोजीं एका जर्मन पाणबुडीनें स्कापा फ्लो बंदरांत शिरून 'रॉयल ओक' ही ब्रिटिश युद्धनौका बुडविली. आठशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुन्हां तसा प्रसंग येऊं नये म्हणून बेटांमधील खाड्या बांध घालून बुजविण्याचें ठरलें, व त्या कामास उत्तर आफ्रिकेंत पकडलेले इटालियन सैनिक लाविले. त्यांच्यापैकीं कांहींची छावणी या बेटावर होती.

१९४३ सालीं अधिकाऱ्यांनीं त्यांस प्रार्थनेसाठीं पन्हळी पत्र्याच्या दोन अर्धगोल खोल्या दिल्या. कैद्यांनीं त्या टोकास टोक लावून जोडल्या, आंतून तक्ते बसविले, आणि मोएना गांवच्या दोमेनिको क्योकेत्तीनें त्या सपाट तक्त्यांवर विटा व कोरीव दगड इतके हुबेहूब रंगविले कीं, पाहणाऱ्यास हात लावून खात्री करावीशी वाटते. वेदी सिमेंटची आहे. तिच्यामागील चित्रांत पवित्र मरियेच्या जवळ बाळ येशू असून ऑलिव्हची डहाळी, म्हणजे शांतीचें चिन्ह, दाखविली आहे. घर सोडतांना आईनें दिलेलें एक छोटें चित्र क्योकेत्तीनें युद्धभर खिशांत जपलें होतें; त्यावरूनच हें काढलें. वेदीपुढची सुरेख लोखंडी जाळी पालुंबी नांवाच्या कैद्यानें घडविली. दिवे मांसाच्या रिकाम्या डब्यांचे, आणि पवित्र पेटीचें लांकूड एका फुटक्या जहाजाचें!

सप्टेंबर १९४४ मध्यें कैदी निघून गेले. परंतु बाप्तिस्म्याचें पात्र अपुरें होतें, म्हणून क्योकेत्ती मागें राहिला. ऑर्कनीकर हें मंदिर जपतील असें वचन बेटाच्या मालकानें दिलें होतें. छावणी पुढें मोडली, मंदिर मात्र राखलें गेलें. रंग फिकटले तेव्हां १९६० मध्यें क्योकेत्तीसच बोलावून त्याच्या हातून दुरुस्ती करविली. १९६४ मध्यें तो पत्नीसह पुन्हां आला व क्रुसाच्या वाटेचीं १४ लांकडी चित्रें देऊन गेला. १९९९ मध्यें तो निवर्तला.

शत्रूची वाट अडविण्यासाठीं घातलेल्या त्या बांधांवरून आज रस्ता जातो, आणि त्याच रस्त्यानें माणसें या मंदिराकडे येतात. आमच्या विद्यार्थीमित्रांनीं याचा विचार करावा, एवढेंच आमचें सांगणें.