पेशंटला बघायला जाताना

आपल्याकडे दवाखान्यात कुणाला ठेवलं की माणसं त्याला ‘बघायला’ जातात. ‘भेटायला जातो’ म्हणणारे थोडे. ‘आजच बघून येतो, उद्या जमायचं नाही.’ ‘अजून बघायला गेला नाहीस? ते काय म्हणतील?’ जागा बघायला जावं, मुलगी बघायला जावं, तसंच हे. मी कविता लिहितो, त्यामुळे शब्दापाशी अडखळायची खोड आहे, ती तुम्ही चालवून घ्या. पण या ‘बघण्या’त पडलेल्या माणसाने काही करायचं उरत नाही. त्याने फक्त दिसायचं.

आमच्या घरात याला दुसरा शब्द आहे, इयादत. मूळ अरबी. परत येणं, फिरून येणं या अर्थाच्या धातूपासून तो झाला. आखातात नोकरी करून आलेल्या आपल्या रत्नागिरीकरांनी तिथल्या दवाखान्यांवर ‘इयादा’ अशी पाटी पाहिली असेल. तो हाच शब्द. आजाऱ्याची विचारपूस हा आमच्या धर्मात त्या आजाऱ्याचा हक्क मानला आहे. जाणाऱ्याने केलेले उपकार नव्हेत. लहानपणापासून हे कानावर होतं, तरी ऐन वेळी मला आठवलं नाही.

२०१२च्या जुलैमध्ये माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इथल्याच एका दवाखान्यात ठेवलं होतं. नाव सांगत नाही, कारण चूक दवाखान्याची नव्हती, माझी होती. खाटेच्या डोक्याशी कागद चिकटवलेला होता : ‘तोंडाने काही देऊ नये.’ मी तो रोज वाचत होतो. तिसऱ्या दिवशी मुंबईहून एक वडीलधारे नातेवाईक आले. हजहून आणलेलं जमजमचं पाणी त्यांनी छोट्या बाटलीतून जपून आणलं होतं. आईचे ओठ सुकून पांढरे पडले होते. ते म्हणाले, ‘दोन थेंबांनी काय होतंय? बरकत आहे.’ सिस्टर पलीकडच्या खाटेवर सलाईन लावत होत्या. मी चमच्याने पाणी दिलं. दोन चमचे. आईला ठसका लागला नाही, खोकला आला नाही. मला वाटलं, उतरलं नीट.

रात्री ताप चढला. दुसऱ्या दिवशी छातीचा फोटो काढला, न्यूमोनिया निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. झटक्यानंतर पुष्कळ पेशंटांचं गिळणं बिघडतं. घास किंवा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरतो. घट्ट पदार्थापेक्षा पातळ पाणी जास्त फसवतं, कारण ते झटकन घसरतं. आणि काही पेशंटांना खोकल्याची जाणीवच उरलेली नसते, त्यामुळे पाणी फुफ्फुसात गेलं तरी बाहेरून काही कळत नाही. म्हणून गिळणं तपासल्याशिवाय पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो. न्यूमोनिया माझ्या चमच्यामुळेच झाला, असं ते म्हणाले नाहीत. तसं नाही, असंही म्हणाले नाहीत. आई त्यातून अकरा दिवसांनी बाहेर आली, पुढे चार वर्षं होती.

सिस्टरनी नंतर मला दाखवलं. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, ओठांवरून फिरवायचा. जमजम असो, गंगाजल असो, देवाचं तीर्थ असो, ते अशा रीतीने देता येतं. विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर नाही म्हणतील असं वाटत होतं. अंगाऱ्याचंही तेच. कपाळाला लावायला कुणाची हरकत नसते, जिभेवर ठेवायचा असेल तर आधी विचारावं. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या पेशंटबद्दल तर जास्तच. भुलीच्या गुंगीत पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ते उपाशी ठेवणं असतं. ‘बिचारा सकाळपासून उपाशी आहे’ म्हणून कुणी गुपचूप चहा-बिस्कीट दिलं, तर एक ऑपरेशन पुढे जातं, किंवा त्याहून वाईट होतं.

आता शहाळ्याविषयी. कोकणात दवाखान्यात जायचं आणि हातात शहाळं नाही, हे होत नाही. मीही शेकडो नेली असतील. शहाळ्याचं पाणी चांगलंच, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. ज्याची मूत्रपिंडं काम करेनाशी झाली आहेत, त्याच्या अंगातून ते बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. डायलिसिसवरच्या माणसाला तर ते विषासारखं बाधू शकतं. केळ्याचं तसंच, आणि सांगताना जीभ अडखळते, पण आपल्या हापूसचंही तसंच. मधुमेही पेशंटचं इन्सुलिन त्याला ठरवून दिलेल्या जेवणाच्या हिशेबाने असतं, तुमच्या बेसनाच्या लाडवाच्या हिशेबाने नव्हे. कर्करोगाचे औषधोपचार चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या, तर कच्ची फळं आणि ताजी फुलंसुद्धा पुष्कळ वॉर्डांत आत नेऊ देत नाहीत, कारण त्यांच्यावरचे साधे जंतूही अशा माणसाला झेपत नाहीत. म्हणून आधी फोन करावा, ‘काय आणलेलं चालेल?’ काहीच चालणार नसेल तर रिकाम्या हाताने जावं. तेवढा संकोच आपण सोसायला हरकत नाही.

हात रिकामे असोत की भरलेले, ते धुतलेले हवेत. व्हिएन्नाच्या एका प्रसूतिगृहात १८४७मध्ये सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने तपासणीआधी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. त्यांच्या हयातीत बहुतेकांनी ते मनावर घेतलं नाही. आपण मात्र एसटीची दांडी धरून, सुटे पैसे मोजून, चपला हाताने सारून थेट पेशंटचा हात हातात घेतो. आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा हात धुवायचे. येताना त्याच्यासाठी, जाताना आपल्या घरच्यांसाठी. भिंतीवर सॅनिटायझर असेल तर उत्तम, पण जुलाबाचा पेशंट असेल तर साबण आणि पाणीच. जुलाबाचे काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

आपल्याला सर्दी, खोकला, ताप, जुलाब असेल तर जाऊच नये. फोन करावा. ‘मला सर्दी आहे म्हणून आलो नाही’ यात काही कमीपणा नाही. नवजात बाळाकडे जाताना तर हे कटाक्षाने पाळावं. बाळाचा मुका घ्यायचा मोह आवरावा. आपल्याला साधी वाटणारी सर्दी त्या जिवाला आयसीयूत नेऊ शकते. फुफ्फुसाच्या क्षयाचा पेशंट असेल तर मास्क कुठला, किती वेळ थांबायचं, हे सिस्टरना विचारावं. गरोदर बाईने गोवर-कांजिण्यांच्या पेशंटकडे जाऊ नये. आणि लहान मुलांना घरी ठेवावं.

आत गेल्यावर खाटेवर बसू नये. पिशवी खाटेवर ठेवू नये. सलाईनचं चाक फिरवू नये, ‘लवकर संपेल’ म्हणून तर अजिबात नाही. खाटेखाली लोंबणारी लघवीची पिशवी ओंगळ दिसते म्हणून कुणी उचलून गादीवर ठेवतं. मी हे स्वतः पाहिलं आहे. ती खाली असते, कारण ती वर आली की लघवी नळीतून उलटी मूत्राशयात जाते आणि जंतू तिच्याबरोबर जातात. वॉर्डातली वस्तू ज्या जागी आहे तिथे का आहे हे आपल्याला ठाऊक नसलं, तरी बहुधा कुणाला तरी ठाऊक असतं.

बोलण्याचं काय? इथे मला फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा आधार घ्यावासा वाटतो. त्यांचं शुश्रूषेवरचं पुस्तक १८५९चं. त्यात भेटायला येणाऱ्यांच्या पोकळ धीर देण्यावर आणि फुकटच्या सल्ल्यांवर अख्खं एक प्रकरण आहे. पेशंटला मान वळवावी लागणार नाही असं समोर बसावं, खाटेला टेकू नये, दाराबाहेर कुजबुजू नये, कारण ती कुजबुज आपल्याविषयीच आहे असं वाटून तो कान देऊन थकतो, असं त्या सांगतात. दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण आपल्या वॉर्डात बसूनच लिहिल्यासारखं वाटतं. आपले काही खास प्रकार त्यांना माहीत नव्हते, एवढंच. ‘आमच्या मेहुण्याला अगदी हेच झालं होतं’ असं सुरू करायचं आणि मेहुणा गेला हे मध्येच आठवून गप्प व्हायचं. ‘बिल किती झालं?’ बायकांच्या वॉर्डात जाऊन मोठ्याने ‘नक्की कसलं ऑपरेशन?’ रिपोर्ट उचलून खिडकीच्या उजेडात धरायचा. पेशंटचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, ‘प्रार्थना करा’ लिहून, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आणि अंगावरची चादर सरकलेली. त्याला कुणी विचारलं होतं का? आमच्या जमातीतला एक दोष मीच सांगतो, कवींच्या जमातीतला. पेशंटला कविता ऐकवू नये. तो उठून जाऊ शकत नाही.

मग इतकी माणसं जातात तरी का? निव्वळ चारचौघांत दिसावं म्हणून, असं मी म्हणणार नाही. त्यामागे जुनी भीतीही आहे. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा पेशंटला घरच्यांपासून तोडून इस्पितळात नेत. तिथे गेलेला परत येत नाही, अशी समजूत पसरली. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. गिरण्यांत तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येने होती, गावोगावी या गोष्टी आल्याच असणार. आपलं माणूस आत एकटं सोडायचं नाही, हे तेव्हापासून मनात बसलं असेल, तर त्यात नवल नाही. २०२० आणि २०२१मध्ये करोनाने तेच दार पुन्हा बंद केलं. साथीच्या गावात शिरू नये आणि तिथून बाहेरही पडू नये, ही प्रेषितांची शिकवण आम्हाला ठाऊक होती, त्यामुळे नियम पटत होता. तरी राजिवड्यातल्या आणि मिरकरवाड्यातल्या किती घरांनी आपलं माणूस शेवटचं रुग्णवाहिकेच्या दारात पाहिलं! त्या दिवसांत कळलं, माणूस भेटणं पेशंटला खरोखर हवं असतं. म्हणून जाऊच नका, असं सांगायला मी आलेलो नाही.

जावं, पण भेटीच्या वेळेत जावं, दोघांनीच जावं, दहा मिनिटांत उठावं. लांजा-राजापूरहून एसटीने आलेल्यांची अडचण मला कळते. परतीची गाडी दोन तासांनी असते आणि तोवर जायचं कुठे? मग ते दोन तास पेशंटच्या उशाशीच जातात. त्यांनी बाहेर बाकावर बसावं, डॉक्टरांचा राउंड चालू असेल तर तेव्हाही. घरच्यांपैकी एकानेच डॉक्टरांशी बोलावं आणि बाकीच्यांनी त्याला विचारावं. दहा जणांनी दहा वेळा तेच विचारलं की अकराव्या वेळी आवाज चढतो. डॉक्टर-सिस्टरांवर हात उगारणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१०पासून वेगळा कायदा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई. पण गोष्ट तिथवर जायच्या आधी एका सिस्टरकडे किती खाटा आहेत, हे मोजून पाहावं.

आणि पेशंटजवळ जो राहतो, त्याच्याकडे बघायला विसरू नये. रात्री खाटेखाली चटई टाकून झोपणारी बहीण, औषधाच्या दुकानाच्या खेपा घालणारा मुलगा. येणारा प्रत्येक जण त्याच्याकडून सगळी हकीकत पहिल्यापासून वदवून घेतो. आईच्या वेळी माझ्या धाकट्या बहिणीने ती किती वेळा सांगितली असेल! पंचवीस दिवसांत फार तर तीन-चार जणांनी तिला विचारलं, ‘तू जेवलीस का?’

त्यांत आमच्या शेजारच्या काकू होत्या. त्या दर दोन दिवसांनी, संध्याकाळी सहाच्या सुमारास यायच्या. शहाळं नाही, फळं नाही. नळावर हात धुवायच्या, पदराला पुसायच्या नाहीत, तसेच वाळू द्यायच्या. बहिणीला म्हणायच्या, ‘जा, घरी जाऊन आंघोळ कर, जेव, आठपर्यंत मी आहे.’ मग आईच्या डाव्या बाजूला, जिकडे तिला कळत होतं तिकडे, स्टुलावर बसायच्या. ‘वहिनी, मी आले हां,’ एवढं म्हणायच्या आणि घरून आणलेलं विणकाम काढायच्या. आईला बोलता येत नव्हतं आणि काकू तिला बोलायला लावत नव्हत्या. मध्येच कधी अंगणातल्या जास्वंदीचं, कधी आमच्या मांजरीने त्यांच्या माळ्यावर घातलेल्या पिल्लांचं काहीतरी सांगायच्या. पिल्लं तीन आहेत, हे आईला त्यांच्याकडूनच कळलं. एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा आईने मला डाव्या हाताची तीन बोटं दाखवली. मला काही समजेना. काकू हसल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, डोळे उघडले त्यांनी.’