हात हलतो, पण घरी वापरला जातो का?

आज सकाळपासून तुम्ही तुमचा डावा हात किती वापरलात? उजव्या हाताने लिहिणाऱ्या-जेवणाऱ्या बहुतेकांचं उत्तर असतं, "फारसा नाही, सगळं उजव्यानेच करतो की!" आता जरा आठवून बघा. टूथपेस्टचं टोपण काढताना ट्यूब कुठल्या हातात होती? कणीक मळताना परात कुणी धरली? शर्टाची बटणं, कुकरचं झाकण, लोणच्याची बरणी, पायजम्याची नाडी, बसमध्ये दांडा धरून खिशातून सुटे पैसे काढणं, ही सगळी दोन हातांची कामं आहेत.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे मोजून दाखवलं. मेंदूचा कुठलाही आजार नसलेल्या प्रौढांच्या दोन्ही मनगटांवर त्यांनी सेन्सर बांधले आणि त्यांना रोजचे व्यवहार करू दिले. सवयीचा हात दिवसात सरासरी ९.१ तास हलत होता आणि दुसरा हात ८.६ तास. म्हणजे दुसऱ्या हाताचा वापर पहिल्याच्या सुमारे ९५ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझं पीएचडीचं कामही याच प्रश्नाच्या आसपासचं आहे: स्ट्रोकनंतर दुबळा झालेला हात माणूस घरी खरोखर किती वापरतो?

स्ट्रोकमध्ये हाताचं काय होतं

स्ट्रोकला आपण पक्षाघात, अर्धांगवायू किंवा बोलीभाषेत लकवा म्हणतो. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे बंद पडतो किंवा रक्तवाहिनी फुटते, आणि तिथल्या पेशी मरतात. हात, दंड, खांदा, स्नायू हे सगळं जागच्या जागी शाबूत असतं. बिघडते ती वरून येणारी आज्ञा. मेंदूतून मज्जारज्जूकडे जाणारे हालचालीचे बहुतेक तंतू वाटेत बाजू बदलतात, म्हणून मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवा हात लुळा पडतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण आजूबाजूच्या जिवंत पेशी नवीन जोडण्या करू शकतात, गेलेल्या भागाचं थोडंफार काम उचलू शकतात. म्हणूनच पहिल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांचा हात थोडा तरी सुधारतो. साधारणपणे खांदा आणि कोपर आधी हलायला लागतात. मूठ वळते, पण बोटं उघडत नाहीत. भांडं धरायचं तर आधी मूठ उघडायला हवी, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

परीक्षेतले गुण

हात किती सुधारला हे संशोधक कसं ठरवतात? जगभर दोन परीक्षा फार वापरल्या जातात. एक फूगल-मायर, जिच्यात हाताला ६६ पैकी गुण मिळतात. कोपर सरळ करा, मनगट वर उचला, बोटं उघडा, अशा हालचाली त्यात बघतात. दुसरी आहे 'ॲक्शन रिसर्च आर्म टेस्ट', ५७ गुणांची. तिच्यात लाकडी ठोकळे उचलून फळीवर ठेवायचे, एका ग्लासातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, गोटी चिमटीत धरायची, अशी १९ कामं असतात.

दोन्ही परीक्षा चांगल्या आहेत. पण त्या होतात थेरपिस्टसमोर, टेबलावर, "आता या हाताने करून दाखवा" असं सांगितल्यावर. त्यातून कळतं की हात काय करू *शकतो*. घरी गेल्यावर तो ते *करतो* का, हे कळत नाही. पहिल्या गोष्टीला क्षमता म्हणू आणि दुसरीला वापर. वरवर वाटतं की क्षमता वाढली की वापर आपोआप वाढणार. तसं होतंच असं नाही.

न वापरण्याची सवय

याचं कारण समजायला एका जुन्या प्रयोगाकडे जावं लागेल. एडवर्ड टाउब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने माकडांच्या एका हाताकडून मज्जारज्जूत जाणाऱ्या संवेदनांच्या नसा कापल्या. हालचालीच्या नसा शाबूत होत्या, तरी माकडं तो हात वापरेनाशी झाली. मग त्याने त्यांचा चांगला हात बांधून ठेवला, आणि 'निकामी' हात कामाला लागला! (१९८१ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या अवस्थेवरून अमेरिकेत मोठा वाद आणि खटला झाला. या संशोधनाला ती बाजूही आहे.)

टाउबने यातून जी कल्पना मांडली तिला मराठीत 'शिकलेला न-वापर' म्हणता येईल. ती माणसाला लावून बघा. स्ट्रोकनंतरच्या पहिल्या आठवड्यांत हात खरोखरच हलत नाही. प्रयत्न केला की चहा सांडतो, घास पडतो. चांगल्या हाताने मात्र काम पटकन होतं. प्रत्येक वेळी मेंदू शिकत जातो: हा हात नको, तो घे. त्यात घरचे प्रेमाने म्हणतात, "अहो, राहू द्या, मी लावते बटणं." काही आठवड्यांनी मेंदूची थोडी दुरुस्ती झालेली असते, हाताला थोडं काही जमण्यासारखं असतं. पण तोवर सवय पक्की झालेली असते, आणि माणूस त्या हाताला विचारतच नाही.

या कल्पनेवरच एक उपचार उभा राहिला. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा, जागेपणीच्या ९० टक्के वेळ तो ठेवायचा, आणि दोन आठवडे दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घ्यायचं. स्ट्रोक होऊन ३ ते ९ महिने झालेल्या २२२ लोकांवर अमेरिकेत याची मोठी चाचणी झाली. २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत या लोकांच्या हातात ठळक सुधारणा दिसली, आणि ती वर्षभरानंतरही टिकून होती. मात्र त्यात घेतलेल्या लोकांना मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येत होती. हात पूर्ण लुळा असेल तर ही पद्धत चालत नाही.

आणि एक अडचण होती. घरचा वापर तिथे मोजला तो विचारून. "गेल्या आठवड्यात दुबळ्या हाताने दिव्याचं बटण दाबलंत का? कितपत जमलं?" अशी प्रश्नावली. आता दोन आठवडे आपल्यासाठी राबलेल्या थेरपिस्टला "छे, काही नाही केलं" असं तोंडावर सांगणं किती जणांना जमेल?

मनगटावरचा साक्षीदार

म्हणून सेन्सर. तुमच्या मोबाईलला आडवं धरलं की पडदा फिरतो ना? त्याच्या आत वेग कसा बदलतोय हे ओळखणारी एक चिप असते. तीच घड्याळासारख्या पट्ट्यात घालून दोन्ही मनगटांवर बांधायची. दिवसभरात कुठला हात कधी आणि किती हलला याची नोंद होत राहते. शेवटी दुबळ्या हाताचे तास भागिले चांगल्या हाताचे तास. धडधाकट माणसात हे उत्तर ०.९५ च्या आसपास येतं, हे वर आलंच. स्ट्रोकनंतर ते बरंच खाली जातं.

ऐकायला सोपं वाटतं, पण या साक्षीदाराला अक्कल कमी. चालताना हात आपोआप झुलतो, तेही तो 'वापर' म्हणून नोंदवतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षात बसलेल्या माणसाचे दोन्ही हात त्याच्या लेखी भलतेच कामसू! उलट, दुबळ्या हाताने पोळपाट घट्ट दाबून धरला आणि चांगल्याने लाटलं, तर ते धरणं त्याला जवळपास दिसतच नाही. या गोंधळातून खरं काम वेगळं काढणं हा या क्षेत्रातला मोठाच उद्योग आहे. तरी एक गोष्ट नक्की: सेन्सरला कुणाचं मन राखायचं नसतं.

गुण वाढले, हात तिथेच

आता मुख्य मुद्द्यावर येते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत एका सत्रात शेकडो वेळा हालचाल करून घेतात. माणसांच्या थेरपीत मात्र २००९ च्या एका पाहणीत एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ भरल्या. साहजिकच वाटलं की आवर्तनं वाढवली की झालं.

सेंट लुईसच्याच गटाने ते करून पाहिलं. स्ट्रोक होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ झालेल्या ८५ लोकांचे चार गट केले. तीन गटांकडून एकूण ३,२००, ६,४०० आणि ९,६०० आवर्तनं करून घ्यायची, आणि चौथ्याकडून ज्याला जितकी झेपतील तितकी. २०१६ मध्ये निकाल आला: जास्त आवर्तनं केल्याने जास्त फायदा झाला, असं दिसलं नाही. परीक्षेतले गुण थोडेफार वाढले होते.

पुढच्या वर्षी त्याच अभ्यासातल्या ७८ जणांची सेन्सरची माहिती प्रसिद्ध झाली. घरी हाताचा वापर किती वाढला होता? वाढलाच नव्हता. आठवड्याला चार दिवस, आठ आठवडे मेहनत केली, टेबलावर हात आधीपेक्षा चांगला चालला, आणि घरी तो होता तितकाच वापरला गेला.

मला वाटतं, या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची नकारात्मक बातमी आहे. कारण पुढे येणारी प्रत्येक नवी गोष्ट आपण याच चष्म्यातून बघायला हवी. उदाहरणार्थ, व्हेगस नर्व्हला उत्तेजन देणारं यंत्र. छातीत कातडीखाली ते बसवतात, आणि रुग्ण हालचाल करत असताना थेरपिस्ट बटण दाबून मानेतल्या या नसेला अर्ध्या सेकंदाचा विजेचा हलका झटका देतो. त्यामुळे मेंदूत अशी रसायनं सुटतात, जी जणू सांगतात, "आत्ता केलंस ते लक्षात ठेव." २०२१ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या १०८ लोकांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांच्या थेरपीनंतर फूगल-मायरमध्ये खरं उत्तेजन मिळालेल्यांचे ५ गुण वाढले, नुसतं यंत्र बसवलेल्यांचे २.४. त्याच वर्षी अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. ही खरी प्रगती आहे. पण "हात परत आणणारं यंत्र" असा मथळा वाचाल तेव्हा आठवा की हे ६६ गुणांच्या परीक्षेतले गुण आहेत, बरणी उघडल्याचे नव्हेत.

मग वापर वाढतो कशाने?

टाउबच्याच गटाचा २००८ चा एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. दोन्ही गटांना प्रशिक्षण तेवढंच दिलं. एका गटाला त्यासोबत एक गोष्ट जास्तीची होती: घरी दुबळ्या हाताने कुठली कामं करणार याचा लेखी करार, रोजची नोंदवही, आणि अडलं कुठे याची थेरपिस्टबरोबर रोज चर्चा. परीक्षेत दोन्ही गट सारखेच सुधारले. घरचा वापर मात्र करार केलेल्या गटात जास्त वाढला, आणि स्कॅनमध्ये मेंदूच्या करड्या भागातली वाढही त्यांच्यातच दिसली. थोडक्यात, वापर ही वेगळी शिकवायची गोष्ट आहे.

आपल्याकडे महिनोन् महिने थेरपिस्ट परवडणं किती जणांना शक्य आहे, हे वेगळं सांगायला नको. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर 'अटेंड' नावाची चाचणी झाली (२०१७). तिच्यात घरच्यांनाच व्यायाम करून घ्यायला शिकवलं होतं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. म्हणून घरच्यांचा उपयोग नाही असा अर्थ काढू नका. त्या चाचणीचं मुख्य मोजमाप हाताचा वापर हे नव्हतं. पण "घरच्यांना शिकवलं की काम झालं" इतकं ते सोपं नाही, हेही खरं.

तुमच्या घरी कुणाला स्ट्रोक झाला असेल तर दोन गोष्टी सांभाळा. चांगला हात स्वतःच्या मनाने बांधू नका. तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. शिवाय २००९ च्या एका छोट्या चाचणीत, स्ट्रोकनंतर साधारण दहा दिवसांतच हा उपचार जोरात सुरू केलेल्यांची प्रगती उलट कमी झाली होती. आणि उठवताना दुबळा हात धरून ओढू नका, खांदा निखळू शकतो.

पुढच्या भेटीत फिजिओला मात्र एवढं नक्की विचारा: "या हाताने आज घरी करता येतील अशी दोन-तीन कामं कुठली?" ती कागदावर लिहा. पोळपाट दाबून धरणं असेल, दिव्याचं बटण असेल, टॉवेल दांडीवर टाकणं असेल. रात्री त्यापुढे केलं की नाही याची खूण करा. आणि बटण लावायला दहा मिनिटं लागत असतील, तर ती लागू द्या.