दुकान सजवण्यात भांडवल संपलं तर? विटांच्या एका कॉफी हाउसने शिकवलेला हिशोब

मागच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न सगळ्यात जास्त आला: "मॅडम, दुकानाच्या इंटिरिअरवर किती खर्च करायचा?" याचं उत्तर मी स्वतः महागात शिकले, म्हणून आज आधी माझी चूक सांगते. मग एका माणसाची ओळख करून देते. त्याचं काम मला बीबीए करताना कळलं असतं तर बरं झालं असतं.

बाबांचा एक प्रश्न

आमचा भांड्यांचा धंदा. दुसरी शाखा काढताना माझ्या हातात १२ लाख होते. त्यातले ७ लाख दुकानाच्या रूपावर गेले: समोर अख्खी काच, फॉल्स सीलिंग, चाळीसेक दिवे, एसी. डिपॉझिट आणि किरकोळ खर्चात २ गेले. मालासाठी उरले ३ लाख. बाबा म्हणाले, "बाळा, आपण काच विकणार की भांडी?" मी हसून सोडून दिलं.

धनत्रयोदशीला पितळेचे डबे आणि तांब्याचे हंडे दुपारीच संपले. मागवायला पैसे नव्हते. गिऱ्हाईक माझी काच बघून आत यायचं आणि रिकाम्या फळ्या बघून समोरच्या दुकानात जायचं. शेवटी बाबांनी त्यांची एफडी मोडली. एका शब्दाने बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आणि गंमत बघा, दुकानाचं तोंड पश्चिमेला. तीन वाजले की ऊन थेट आत. विजेचं बिल बघून मी काचेला आतून जाड पडदा लावला. म्हणजे काचेचे पैसे दिले, मग ती झाकायचेही दिले!

तिरुवनंतपुरमचं कॉफी हाउस

पुढच्या वर्षी मैत्रिणीच्या लग्नाला तिरुवनंतपुरमला गेले होते. तिथे तंपानूरला, रेल्वे स्टेशन आणि बस स्टँडजवळ, इंडियन कॉफी हाउस आहे. लाल विटांचा गोल मनोरा. आत जिना नाही. एकच उतरता रस्ता गोल गोल वर जातो. त्या उताराच्या कडेने, बाहेरच्या भिंतीला लागून टेबलं आणि बाकं बांधून काढलेली. भिंतीत विटांची जाळी, त्यातून उजेड आणि वारा येतो. मधल्या गोल भागात स्वच्छतागृहं वगैरे.

मी कॉफी पीत दुकानदाराच्या नजरेने बघत होते. जागा लहान, पण वाया जाणारा कोपराच नाही. वर जायची वाट हीच बसायची जागा. फर्निचर भिंतीचाच भाग, त्यामुळे मोडायची भीती नाही. आणि इतकं साधं असूनही लोक मुद्दाम बघायला येतात. जाहिरातीचं काम इमारतच करते.

हा माणूस कोण?

ही इमारत लॉरी बेकर यांची. जन्म १९१७, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये वैद्यकीय सेवा करून परतताना जहाजाची वाट बघत ते मुंबईत थांबले होते. तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. पुढे ते भारतात आले, कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यांची कामं केली, डॉक्टर एलिझाबेथ यांच्याशी लग्न केलं, बरीच वर्षं पिथोरागडच्या डोंगरात राहिले आणि शेवटी केरळमध्ये स्थायिक झाले. १९९० साली पद्मश्री मिळाली, २००७ साली ते गेले.

नकाशे ते वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवरही काढायचे. प्रत्येक खर्चाला त्यांचा एकच प्रश्न असायचा: याची खरंच गरज आहे का? धंद्याच्या पहिल्या वर्षात हा प्रश्न भिंतीवर लिहून ठेवा.

त्यांच्या तीन युक्त्या

१. उंदराच्या पिंजऱ्याची भिंत: हिला 'रॅट-ट्रॅप बाँड' म्हणतात. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या. दोन विटा समांतर, मध्ये साधारण ३ इंचांची पोकळी, मग एक वीट आरपार. भिंत ९ इंचांचीच राहते, पण विटा सुमारे पाव हिस्सा वाचतात आणि मालही कमी लागतो. पोकळीतल्या हवेमुळे ऊन आत लवकर शिरत नाही.

२. फिलर स्लॅब: स्लॅबच्या खालच्या भागात ताण पेलायचं काम मुख्यतः लोखंडी सळ्या करतात. तिथलं बरंचसं काँक्रीट फक्त जागा भरतं. तिथे जुनी मंगलोरी कौलं बसवली की काँक्रीट वाचतं आणि स्लॅबचं वजनही घटतं.

३. विटांची जाळी: खिडकीला चौकट, काच, गज, बिजागरी असं सगळं लागतं. जाळीला फक्त विटा आणि चांगला गवंडी लागतो.

मी काय केलं

दोन वर्षांनी घरामागे १२ बाय २० फुटांचं गोडाऊन बांधायचं ठरलं. आमच्या गवंडीमामांना चित्र दाखवलं तर म्हणाले, "ताई, उभ्या विटेची भिंत टिकंल व्हय?" मी म्हटलं, आधी चार फुटांची नमुना भिंत बांधू. बांधली. मामांनी धक्के मारून बघितले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून दोरी लावून कामाला लागले.

आता आकडे. नेहमीच्या पद्धतीने ५,५०० विटांचा अंदाज होता, लागल्या ४,२०० च्या आसपास. ९ रुपयांची वीट, म्हणजे वाचले ११,७००. खरी बचत पुढे आहे. भिंत दोन्ही बाजूंनी नीट दिसते म्हणून गिलावा केलाच नाही, फक्त दरजा भरून घेतल्या. १,२०० चौरस फूट गिलावा, ४५ रुपये दराने ५४,००० वाचले. रंगाचा खर्च वेगळाच. कौलं आणि दार पाडलेल्या एका वाड्याचं आणलं. वाचलेल्या पैशातून मी काय घेतलं? पितळेचे डबे आणि तांब्याचे हंडे. त्या धनत्रयोदशीला रात्रीपर्यंत फळ्या भरलेल्या होत्या. बाबा गल्ल्यावर बसले होते.

पण सावध राहा

मी इथे फसले, तुम्ही फसू नका.

- पोकळ भिंतीत कुठेही खिळा ठोकता येत नाही. रॅक कुठे येणार ते आधी ठरवा आणि तिथे भरीव विटा लावून घ्या. मी हे विसरले आणि एक रॅक जमिनीवर उभं करावं लागलं.
- वीट चांगल्या भट्टीची, सरळ कडांची घ्या. वाकडी वीट या कामात लगेच उघडी पडते.
- पाऊस मारतो त्या बाजूला वळचण पुढे काढा. आमची दोन फूट आहे.
- जाळीला आतून बारीक लोखंडी जाळी लावा. पिंजऱ्याची भिंत असली तरी खरे उंदीर जाळीतूनच येतात!
- फिलर स्लॅब इंजिनिअरच्या डिझाइनशिवाय अजिबात नको. वजनाचा हिशोब अंदाजाने होत नाही.
- मजुरीचा दर आधी बोलून घ्या. नवीन पद्धतीत गवंड्याचे सुरुवातीचे दिवस जास्त जातात.

भाड्याचं दुकान असेल तर?

भिंत बदलता येणार नाही, प्रश्न बदलता येतो. दुकानाला ऊन कुठून येतं ते बघितलं का? दिवसा किती दिवे विनाकारण चालू असतात? नवीन काउंटरऐवजी जुन्या दाराच्या फळीचा काउंटर चालेल का? यात गरिबी दिसत नाही. गिऱ्हाईक फळीवरचा माल बघतं.

आजचा गृहपाठ

वही घ्या. दुकानावर करणार असलेले सगळे खर्च लिहा आणि प्रत्येकासमोर 'गरज' किंवा 'हौस' लिहा. हौशीची बेरीज करा, त्यातली निम्मी रक्कम मालाच्या रकान्यात टाका. मग बघा, पहिल्या सणाला तुमच्या फळ्या किती भरलेल्या राहतात.

तुमची 'हौस' किती निघाली, कमेंटमध्ये लिहा. माझी ७ लाखांत ४ निघाली होती, त्यामुळे लाजू नका. पुढच्या वेळी बघू, उधारी मागणाऱ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं!