मधुमेह आणि आपले ताट

मधुमेह म्हणजे साखर खाण्याचा रोग, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. त्यामुळे रोग जडला की चहातली साखर बंद होते आणि पथ्य पुरे झाले असे घरातली मंडळी मानतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. आणि ह्या रोगात अर्धे सत्य फार महागात पडते.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. निरोगी प्रौढाच्या सुमारे पाच लिटर रक्तात उपाशीपोटी जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर, साखर असते. उलट तीन पोळ्या, भात आणि वरण एवढ्या साध्या जेवणातून शंभरेक ग्रॅम साखर पचनानंतर रक्तात उतरते. ही आवक स्नायूंत व यकृतात पोचविण्याचे काम स्वादुपिंडातील इन्सुलिनचे. ते आटले, किंवा शरीर त्याची आज्ञा मानीनासे झाले, की साखर रक्तातच साचते. आणि वर्षानुवर्षे साचत राहिली तर डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा ह्यांचा नाश करते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट ह्यांनी इन्सुलिन वेगळे काढले आणि मरणाच्या दारातील मुले वाचू लागली. परंतु आहाराची जागा घेईल असे औषध अद्याप निघालेले नाही.

"आम्ही काडीपैलवान, आम्हांला कसला मधुमेह?" असे म्हणण्याचीही सोय उरलेली नाही. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

आता ताटाकडे वळू. तांदूळ, गहू, ज्वारी ह्यांपैकी कोणतेही धान्य घेतले तरी त्याचा निम्म्याहून बराच अधिक भाग पिष्टमय असतो. भाकरीत कोंडा असल्याने तिची साखर सावकाश उतरते, हे खरे. पण म्हणून दोनाऐवजी चार भाकऱ्या खाल्ल्या तर लाभ कोठला? गूळ 'नैसर्गिक' म्हणून निर्दोष ठरत नाही. रक्ताला गूळ आणि साखर सारखीच. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेह्याने विनोद म्हणून नव्हे, इशारा म्हणून घ्यावी. कारल्याच्या रसाने गोळी सुटत नाही. आंबा मात्र अगदी वर्ज्य नाही: दोनचार फोडी खाव्या आणि त्या दिवशी तेवढी पोळी कमी करावी, आमरसाच्या वाट्यांवर वाट्या रिचवू नयेत.

सोपा नियम असा: निम्मे ताट भाजी व कोशिंबिरीचे, पाव ताट उसळ, डाळ, अंडे वा मासळीचे, आणि उरलेले पाव पोळी-भाताचे. बटाटा भाजीत न मोजता भातात मोजावा. आधी भाजी-उसळ व शेवटी भात खाल्ल्यास साखर कमी चढते. जेवणानंतरच्या दहापंधरा मिनिटांच्या शतपावलीनेही ती उतरते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण चुकविले, तर रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरून घाम, कंप, भोवळ येते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रोगी बेशुद्ध असल्यास तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. म्हणून कडक उपवास अथवा आहारातील मोठा पालट डॉक्टरांना विचारूनच करावा.

शेवटी, हे पथ्य मोडते ते बहुधा जिभेमुळे नव्हे, आग्रहामुळे. पंगतीत "एका जिलबीने काय होते?" म्हणणारे आपणच असतो; आणि घरातली बाई मधुमेही असली तर सर्वांची जेवणे उरकेपर्यंत ती उपाशी राहते व मग उरलेला भात संपविते. तिची गोळी वेळेवर, पण जेवण अवेळी! रोग एकाचा असला तरी पथ्य घराचे असावे लागते. एकाच चुलीवर एकच, सर्वांना मानवेल असा स्वयंपाक व्हावा, आणि तिचे ताट सर्वांबरोबर मांडले जावे, एवढीच आमची विनंती आहे.