परदेशातले खाते विसरू नका

संध्याकाळ झाली की बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतून कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग बाहेर पडू लागते. त्यांत सांगली, कोल्हापूर, बेळगाव, नागपूरकडची मराठी मंडळीही असतात. कोणी नुकताच न्यू जर्सीहून परतलेला असतो, तर कोणाची लंडनला जायची तयारी चाललेली असते. घरात बोलणे होते ते गरम कपड्यांचे, मसाल्यांचे आणि मुलांच्या शाळेचे. आयकराचा विषय मात्र ‘मग बघू’ म्हणून मागे पडतो.

कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरु या गावांच्या ३३२ एकर जमिनीवर कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ने ही वसाहत उभारली. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या इन्फोसिसचे मुख्यालय पुढे इथेच आले. मार्च १९९९ मध्ये तिची नोंदणी अमेरिकेच्या नॅसडॅक शेअरबाजारात झाली आणि परदेशी कमाई हा इथल्या मध्यमवर्गीय घरांचाही विषय बनला.

दिवस मोजा

भारतात कर किती लागणार हे पासपोर्टवरून नव्हे, तर दिवसांवरून ठरते. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर तो अनिवासी ठरतो. त्याच्या परदेशातल्या पगारावर इथे कर लागत नाही.

समजा, एक इंजिनिअर जुलैअखेर निघाला. एप्रिलपासून त्याचे १२२ दिवस झाले, म्हणून तो अनिवासी. त्याचाच सहकारी नोव्हेंबरअखेर निघाला. त्याचे २४४ दिवस झाले. तो त्या वर्षी निवासी ठरतो आणि परदेशातल्या चार महिन्यांचा पगारही त्याला इथे दाखवावा लागतो. तिकडे कर कापला गेला असेल, तर दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार त्याची वजावट मिळते. पण त्यासाठी ठरलेला फॉर्म भरावा लागतो आणि कर भरल्याचा पुरावाही लागतो.

जाण्यापूर्वी

इथले साधे बचत खाते बँकेला कळवून अनिवासी, म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्या. फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर ते भाडे भारतातलेच उत्पन्न असते. भाडेकरूलाही घरमालक अनिवासी असल्याचे आधीच सांगा, कारण भाडे देताना त्याला कर कापून सरकारजमा करावा लागतो.

परतल्यावर

खरी गफलत होते ती परतल्यावर. पाच वर्षे अमेरिकेत राहून एक जोडपे परतले, असे धरा. गाडी विकली, सामान वाटून टाकले. बँकेतले संयुक्त खाते मात्र ‘थोडेच तर डॉलर आहेत, राहू दे’ म्हणून तसेच ठेवले.

असे खाते ठेवणे गुन्हा नाही. अनिवासी असताना घेतलेले घर, शेअर किंवा खाती परतल्यावरही ठेवायला ‘फेमा’ कायदा परवानगी देतो. पण पूर्ण निवासी झाल्यावर आयकर विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ती दाखवावीच लागतात. त्यासाठी ‘सहज’ हा सोपा फॉर्म चालत नाही. शिवाय हा तक्ता १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळाचा असतो, मार्चअखेरचा नव्हे.

यात पत्नीकडे हमखास दुर्लक्ष होते. तिकडे तिला नोकरीची परवानगी नव्हती, इथे ती घर सांभाळते. मग तिने विवरणपत्र का भरायचे? कारण खात्यावर तिचेही नाव आहे. करपात्र उत्पन्न नसले तरी परदेशी खात्यामुळे तिलाही ते भरावे लागते.

काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्यानुसार ही माहिती दडवल्यास दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर मालमत्ता सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर हा दंड नाही. माहिती देण्याची जबाबदारी मात्र कायम आहे.

दहा वर्षे सलग अनिवासी राहून परतणाऱ्यांना साधारण दोन, कधी तीन वर्षे सवलत मिळते. त्या काळात परदेशातल्या व्याजावर किंवा भाड्यावर इथे कर लागत नाही. एनआरई खात्याचे मात्र तसे नाही. परतल्यावर ते बदलून घ्यावे लागते आणि त्यावरचे करमुक्त व्याज थांबते.

न जाताही परदेशी मालमत्ता

कधीच परदेशी न गेलेल्यांनाही हा नियम लागू होऊ शकतो. इथल्या विदेशी कंपन्या कर्मचाऱ्यांना आपल्या मूळ कंपनीचे शेअर देतात. पगारपत्रकात त्यावर कर कापला गेला, म्हणजे सगळे झाले असे अनेकांना वाटते. पण ते शेअर आणि त्यांवरचा लाभांश दरवर्षी वेगळा दाखवावा लागतो.

आता काही लपूनही राहत नाही. अमेरिकेशी २०१५ मध्ये झालेल्या करारानुसार तिथल्या खात्यांची माहिती आपल्या आयकर खात्याला मिळते. इतर अनेक देशही ती देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये खात्याने मोहीम काढून अशा करदात्यांना संदेश पाठवले, तेव्हा हजारोंनी आपली विवरणपत्रे सुधारून घेतली.

म्हणून परतल्यावर सामान लावून झाले की पतीपत्नीने एक संध्याकाळ एकत्र बसावे. कोणते खाते कुठे आहे, त्यावर कोणाकोणाची नावे आहेत, किती रक्कम आहे, हे एका वहीत लिहावे आणि ती वही घेऊन दोघांनीही चार्टर्ड अकाउंटंटकडे जावे. उद्या एकाला काही झाले, तर दुसऱ्याला ते पैसे सापडतील तेही याच वहीमुळे.